तीन रंगांच्या वाट्या

शिवकन्येनं रेणूच्या हातातलं सूप ओढून घेतलं तेव्हा त्यातले मूग ओसरीभर उडाले. बुरुडाकडून खास करून आणलेलं, ताटलीएवढं सूप होतं ते. साडेचार वर्षांच्या हातांना बेताचं.

"उठ."

रेणू उठली नाही. उडालेल्या मुगांकडं तिनं बघितलं आणि रांगत रांगत ते वेचायला लागली.

"उठ म्हणलं ना! राहू दे ते."

समोर गहू निवडत बसलेल्या गुरम्माचे हात थांबले. पुढच्या अंगाला तिच्या लेकाचं, भीमाशंकरचं, किराणा दुकान, मागं घर. दुकानातलं धान्य, डाळी, कडधान्य मागं आणून निवडायचं, पाखडायचं आणि पुन्हा पुढं पाठवायचं, हे काम गुरम्मा तीस वर्षं करत आली होती. रेणूला चालता यायला लागल्यापासून ती आजीच्या मांडीला मांडी लावून बसायची.

"का ग? घरात पाय ठेवला न्हाई की अंगावर. पोरीनं काय चोरी केली का?"

"आजपासून ती इथं बसणार नाही, अव्वा. हे निवडणं-पाखडणं सगळं बंद."

"बंद तर बंद. पर झालं काय? भांडायचं तर कारण सांगून भांड."

शिवकन्येनं पर्स खुंटीला अडकवली. ती पडली. तिनं उचलली नाही.

"शाळेत बोलावलं होतं. हिला रंग कळत नाहीत म्हणे. आठ दिवसांनी परत बघणार. तेव्हा पण जमलं नाही तर वर घालणार नाहीत. ज्युनियरलाच ठेवणार, लहान्या लेकरांत."

"रंग?" गुरम्मानं नातीकडं बघितलं. "हिला रंग दिसत न्हाईत?"

"दिसत नाहीत असं नाही. कळत नाहीत."

गुरम्मानं नातीला जवळ ओढून तिचे डोळे निरखले. तिच्या दृष्टीनं त्या दोन्हीत फरक नसावा.

शाळेत शिवकन्येला बसायला छोटी खुर्ची दिली होती, लेकरांची. गुडघे हनुवटीशी आले होते. वर्षाराणी मॅडम समोर टेबलाला टेकून उभ्या होत्या, वयानं तिच्याएवढ्याच, आवाज अगदी मऊ. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला, तिलाही पाठवला. स्टीलचं ताट, बाजूला तीन प्लॅस्टिकच्या वाट्या – लाल, पिवळी, हिरवी. तिन्ही रिकाम्या. ताटात दाण्यांचे ढीग पडलेले.

"तीनदा सांगितलं, लाल दाणे लाल वाटीत, पिवळे पिवळ्या वाटीत. ऐकतच नाही. आपलं हवं ते ढीग लावते आणि हाताची घडी घालून बसते. विचारलं तर बोलत नाही."

"घरी तर खूप बोलते, मॅडम."

"घरी कोण असतं तिच्याजवळ?"

"माझ्या सासूबाई."

मॅडम हसल्या. वाईट नव्हतं ते हसणं, पण शिवकन्येच्या कानशिलापर्यंत गेलं.

"आम्ही पालकांना यादी दिली होती बघा. 'खेळता खेळता शिकूया.' घरातल्या साध्या साध्या गोष्टी आहेत. मोज्यांच्या जोड्या लावा, ताटं मांडताना मोजा, डाळी वेगळ्या करा. तुम्ही ते घेत नाही वाटतं घरी."

ती यादी फ्रिजवर चिकटवलेली होती. ती आली त्या दिवशी शिवकन्येला हसू आलं होतं: अव्वा दिवसभर जे करते तेच छापून दिलं की यांनी! आता त्या छोट्या खुर्चीत तिला ते हसू आठवलं आणि अंगाला चटका बसल्यासारखं झालं. अव्वा करते ते काम होतं. यादीतलं होतं ते शिक्षण. एवढा फरक आपल्याला कळायला नको होता का?

देगलूरहून ती लातूरला आली तेव्हा सतराची होती. मेडिकलच्या क्लासला. दर महिन्याला परीक्षा व्हायची आणि मार्कांप्रमाणे बॅच बदलायची. पहिल्या महिन्यात ती पहिल्या बॅचला होती. मग दुसऱ्या, मग चौथ्या. दर वेळी दप्तर उचलून पोरींच्या देखत दुसऱ्या हॉलमध्ये जाऊन बसायचं. शेवटच्या बॅचच्या हॉलमधले पंखेसुद्धा नीट चालत नव्हते. दोन वर्षांनंतरही नंबर लागला नाही, आणि त्याच गावात, क्लासपासून दोन गल्ल्यांवर, तिला दिलं गेलं. अजूनही त्या इमारतीसमोरून रिक्षा गेली की ती मोबाइलमध्ये बघते.

लहान्या लेकरांत ठेवणार. रेणू आपलं दप्तर उचलून दुसऱ्या वर्गात जाणार.

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली. ओसरीत कुणी काही विचारलेलं नव्हतं.

तिनं त्याच संध्याकाळी गोलाईच्या बाजारातून तीन वाट्या आणल्या. लाल, पिवळी, हिरवी. दुकानातून मूठमूठभर दाणे घेतले, शाळेच्या फोटोत होते तेच. लाल म्हणून राजमा आणि मसूरडाळ. पिवळे म्हणून पिवळा वाटाणा आणि तूरडाळ. हिरवे म्हणून मूग आणि सालीची मूगडाळ. सगळं एका ताटात कालवलं आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

भीमाशंकर दुकान बंद करून आला तेव्हा दार बंदच होतं.

"जेवायचं का न्हाई आज?"

"अव्वा वाढतील."

"अगं, चार वर्षांची हाय ती. आत्ताच कलेक्टर करायची का?"

"नाही करायची. दुकानात बसवा. काट्यावर."

"काटा मारायला पण डोकं लागतं बरं का," भीमाशंकर हसून म्हणाला. आत दाणे कालवल्याचा आवाज आला. तो थोडा वेळ दारापाशी उभा राहिला, मग हात धुवायला गेला.

पहिले दोन दिवस काहीच जमलं नाही. रेणू पुन्हा पुन्हा वाट्या बाजूला सारायची आणि ताटातच ढीग लावायला लागायची. शिवकन्या ढीग मोडायची. पुन्हा कालवायची. आधी समजावून, मग ओरडून, मग दात खाऊन.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती कपडे वाळत घालून मागच्या दारानं आली, तर गुरम्मा पोरीला घेऊन मोरीच्या आडोशाला बसलेली. पदराखाली मिरच्या. एकेक बाहेर काढून दाखवत होती.

"ही कंची?"

"लाल."

"आन् ही?"

"हिरवी. अव्वा, ही पण हिरवीच आहे. किती विचारतेस ग?"

गुरम्मानं गळ्यातलं इष्टलिंग दोन्ही डोळ्यांना लावलं. तिचे डोळे भरून आले होते. शिवकन्येला ते दिसलं नाही. तिला दिसलं एवढंच, की आपण नको म्हणून सांगितलेलं असताना दोघी लपून बसल्यात.

"मी सांगितलं होतं ना, अव्वा? माझ्या माघारी हे चालतं का?"

"अगं, मी फकस्त–"

"तुमच्यापाशी बसूनच ही अशी झाली. मॅडमनी तोंडावर विचारलं मला, घरी कोण असतं म्हणून. काय सांगू मी? माझी सासू तिला दिवसभर खडे वेचायला बसवते म्हणून?"

गुरम्मानं मिरच्या पुन्हा पदरात घेतल्या. एक खाली पडली ती उचलली. उभं राहताना तिनं भिंतीचा आधार घेतला. नेहमी रेणूच्या खांद्याचा घ्यायची.

शिवकन्येनं लेकीचा दंड धरला आणि आत आणलं. तिचं डोकं ठणकत होतं. हिला लाल कळतं. हिरवं कळतं. म्हणजे ही मुद्दाम करते. म्हणजे हा हट्ट आहे, नुसता हट्ट, आणि तिथं त्या बाईसमोर आपण खाली मान घालून बसलो.

"राजमा घे. कोणता रंग?"

"लाल."

"टाक लाल वाटीत."

रेणूनं टाकला.

"आता ही मसूरडाळ. रंग?"

"लाल."

"मग?"

रेणूचा हात वाटीपर्यंत गेला आणि तिथून वळून ताटाच्या कडेला निघाला.

"कुठं चालली?"

"ही त्याच्यातली नाही."

"त्याच्यातली नाही म्हणजे?"

"ती वेगळी आहे, मम्मी. तिला–"

शिवकन्येनं तिच्या हातावर चापट मारली. जोरात नव्हती, पण पहिली होती. डाळीचा दाणा कुठंतरी उडाला. रेणू रडली नाही. तिनं आपला हात उलटा केला, सुलटा केला, जणू त्यावर काही लागलंय का बघावं.

"वेगळी-बिगळी काही नाही. लाल म्हणजे लाल. समजलं?"

"हो."

दाराबाहेर सुपाचा आवाज थांबलेला होता. बऱ्याच वेळानं तो पुन्हा सुरू झाला, खूप हळू.

त्यानंतर सोपं गेलं. पाचव्या दिवशी रेणूनं दोनच चुका केल्या. सहाव्या दिवशी एकही नाही. सातव्या दिवशी शिवकन्येनं मोबाइलवर वेळ लावला आणि रेणूनं चार मिनिटांत तिन्ही वाट्या भरल्या. तिनं लेकीला उचलून गरगर फिरवलं, पापे घेतले, केसांत तोंड खुपसलं. तेल आणि शाळेच्या खडूचा वास येत होता. शिवकन्येला एकदम रडू आलं. कसला राग होता एवढा, हे तिला त्या घटकेला सांगता आलं नसतं.

"माझी शहाणी ती. उद्या असंच करायचं, हं?"

"हो."

"मॅडम काय म्हणतील?"

"शाबास म्हणतील," रेणू म्हणाली, आणि वाट्या एकात एक घालून फळीवर ठेवून आली.

मॅडम शाबासच म्हणाल्या. रेणूच्या कपाळावर चांदणी चिकटवली, तिचा भरलेल्या वाट्यांसोबत फोटो काढला आणि शिवकन्येला पाठवला. खाली लिहिलं, 'बघा, घरी वेळ दिला की किती फरक पडतो!' शिवकन्येनं तो माहेरी पाठवला, बहिणीला पाठवला, दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर भीमाशंकरला दाखवला. एकच जण राहिलं होतं.

गुरम्मा ओसरीत हरभऱ्याला सोंडा, कीड लागलीय का बघत होती. शिवकन्या तिच्यासमोर बसली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"हे बघा, अव्वा. पास झाली तुमची नात."

तिच्या आवाजात गोडी होती आणि थोडी टोचणीही. गुरम्मानं हात पदराला पुसले, मोबाइल घेतला, लांब धरला. चांदणी बघून तिचा चेहरा खुलला. तिनं पडद्यावर नातीच्या गालावरून अंगठा फिरवला. फोटो सरकला आणि आधीचा आला.

"हे काय?"

"काही नाही ते. आधीचं आहे. चुकलं होतं ना तेव्हाचं. द्या इकडं."

गुरम्मानं मोबाइल दिला नाही. आणखी लांब धरला.

"चुकलं? काय चुकलं ह्यात?"

"अहो, रंगाप्रमाणे लावायचं होतं. हिनं बघा, लाल, पिवळं, हिरवं सगळं कालवून टाकलं."

"कालवलं कुठं ग? बराबर लावलंय की." गुरम्मानं बोट ठेवलं. "राजमा, वाटाणा, मूग. हे आदल्या राती भिजत घालायचं. आन् हिकडं मसूरदाळ, तूरदाळ, मूगदाळ. हे न्हाई घालायचं. शिजवायच्या वक्ताला धुतलं की झालं. तिला हेच तर दाखवलंय मी, बोलायला लागल्यापून."

शिवकन्या फोटोकडं बघत राहिली. ती बारा वर्षांची असल्यापासून स्वयंपाक करत होती. काल रात्रीच तिनं वाटाणे भिजत घातले होते.

"आन् हे बारकं काय कोपऱ्यात? मला दिसंना."

शिवकन्येनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. ताटाच्या कडेला चार दाणे, सगळ्यांपासून वेगळे. दोन मूग, एक वाटाणा, एक राजमा. चारही दाण्यांना टाचणीएवढं भोक.

"किडकं," गुरम्मा म्हणाली. "काढून ठिवलंय."

समोरच्या गल्लीतून भंगारवाल्याचा भोंगा गेला.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत तुम्ही?" शिवकन्येचा आवाज चिरकला. "आठ दिवस माझा तमाशा बघत बसलात?"

"तू दाखवलास का मला फोटू?" गुरम्माही आता तापली. "सूप हिसकावलंस, दार लावलंस. मला काय सपान पडतंय का? मला वाटलं पोरीच्या डोळ्यात खोट हाय. राती डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. मिरच्या दाखवून बघितल्या तर तू मलाच..." ती थांबली. मोबाइल तिनं शिवकन्येच्या मांडीवर ठेवला. "तुझ्या मॅडमला ईचार, तिच्या घरी राजमा काय तसाच दगडासारखा खात्यात का म्हणून."

शिवकन्येनं विचारलं. तिथंच बसून फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं, भिजवायचं, न भिजवायचं, किडकं. मध्ये तिचा आवाज इतका चढला की भीमाशंकर दुकानातून आत डोकावून गेला. पलीकडं वर्षाराणी मॅडम ऐकत होत्या. त्यांच्या मागं कुकरची शिट्टी झाली.

"खरंय हो," त्या म्हणाल्या. "माझ्या लक्षातच आलं नाही. माझ्याकडं अडतीस लेकरं आहेत, मॅडम. तक्त्यावर रंगच लिहिलेलं असतं, मी रंगच बघते." थोडं थांबून त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पण जाऊ द्या ना. आता करते ना ती बरोबर?"

शिवकन्येनं फोन ठेवला. तिला त्या बाईला खूप काही बोलायचं होतं. पण रागानं भरलेलं तोंड तसंच राहिलं, कारण जी बोलणी तोंडाशी आली होती त्यातलं प्रत्येक त्या बाईएवढंच तिला स्वतःलाही लागू पडत होतं.

ती उठून आत गेली. रेणू खाटेवर उताणी पडून कपाळावरची चांदणी चाचपत होती. शिवकन्येनं ताट घेतलं, डब्यांतून दाणे काढून कालवले. जमिनीवर ठेवलं.

"ये रेणू. हे लाव बरं."

रेणू मुकाट्यानं उतरली, फळीकडं गेली आणि तिन्ही वाट्या घेऊन आली.

"वाट्या नको."

"मग?"

"ताटातच लाव. तुला वाटेल तसं. अव्वाजवळ बसून लावायचीस ना, तसं."

रेणूनं वाट्या खाली ठेवल्या. बसली. मसूरडाळीचा एक दाणा उचलला आणि ताटावर धरला. दाण्याकडं ती बघतच नव्हती. ती आईच्या तोंडाकडं बघत होती.

"इथं?" तिनं विचारलं.

हात डावीकडं गेला होता. शिवकन्या नकळत हसली, धीर द्यावा म्हणून. तसा हात खाली यायला लागला. तिच्या लक्षात आलं, तिनं हसू आवरलं. हात पुन्हा वर गेला.

"इथं, मम्मी?"

आता उजवीकडं. शिवकन्येनं चेहरा कोरा करायचा प्रयत्न केला. रेणूनं तो कोरा चेहराही नीट बघितला आणि हात मधेच धरून ठेवला.

"चूक झाली का?"

"नाही. चूक काही नाही."

"मग कुठं ठेवू?"

शिवकन्येनं बसल्या जागी पाठ फिरवली. तोंड भिंतीकडं केलं.

"मी बघत नाही बघ. लाव तू."

दारात गुरम्मा येऊन उभी होती. तिनं काही सांगायला तोंड उघडलं. शिवकन्येनं तिच्याकडं बघून नको म्हणून मान हलवली. गुरम्माला कळलं. ती दाराच्या आत हळूच टेकली आणि सुनेसारखीच, भिंतीकडं तोंड करून बसली.

मागं बराच वेळ काहीच हललं नाही. पुढं दुकानात भीमाशंकर कुणाला तरी उद्या या म्हणत होता. शिवकन्येनं दोन्ही हात मांडीखाली घालून दाबून धरले. तिला मान वळवायची होती. तिनं ती वळवली नाही.

एक दाणा ताटात पडला. कुठल्या बाजूला, ते आवाजावरून कळण्यासारखं नव्हतं.